‘कायम’ हा शब्द वगळून

सिस्टर, तुम्ही गेलात त्या दिवशी अख्ख्या रुग्णालयाच्या छातीवर काळी फीत होती. नर्स, औषध देणारे, रक्त तपासणारे, एक्स-रेवाले, रुग्णवाहिकेचे चालकसुद्धा. एका निवृत्त इन्चार्ज सिस्टरसाठी सगळं रुग्णालय असं एकाच रंगात उभं राहिलेलं या जिल्ह्यानं क्वचितच पाहिलं असेल.

फिती सोमवारपासूनच होत्या. तुम्ही गेलात गुरुवारी. कंत्राटी भरतीच्या विरोधात काळ्या फिती लावून काम करायचं आपल्या संघटनेचं आंदोलन चालू होतं. हे तुम्हाला माहीत आहे, कारण बुधवारी खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही माझी फीत पाहिलीत आणि म्हणालात, "सरळ लाव. शाळेतल्या मॉनिटरवानी दिसून राह्यला." तुम्ही गेल्यावर शोकासाठी वेगळ्या फिती कापायच्या का, असा प्रश्न निघाला. आपले खजिनदार वानखडे म्हणाले, "कायले? काळा रंग काळाच असते." त्यामुळे गुरुवारी दुपारी ज्या फिती मागण्यांच्या होत्या, त्या संध्याकाळी तुमच्या झाल्या, आणि शनिवारपासून पुन्हा मागण्यांच्या. मधे कुणी काढून परत लावल्याचं मी पाहिलं नाही.

मी हे लिहितो आहे ती श्रद्धांजली नव्हे. श्रद्धांजली अध्यक्षांनी वाहिली, चांगली लांब होती. मला लाज वाटते आहे, आणि ती सांगायला तुमच्याशिवाय माणूस नाही. जिवंत माणसांना सांगितलं की ती लगेच समजूत घालायला लागतात. तुम्ही ते कधी केलं नाहीत. आता तर करूच शकत नाही.

मी पहिल्यांदा रुजू झालो तेव्हा तुम्ही मला प्रसूती कक्षाच्या दारातच अडवलं होतं. "ब्रदर, इथं तुह्यं काम नाई. बाया आधीच घाबरेल असतात." मी पुरुष नर्स, या इमारतीतला पहिलाच. पेशंटचे नातेवाईक मला डॉक्टर म्हणत आणि तुम्हाला सिस्टर. एकदा फुलसावंगीकडचे एक आजोबा माझ्या पाया पडायला वाकले. त्यांच्या सुनेचं बाळंतपण नुकतंच उरकून तुम्ही नळावर हात धूत होतात. मी मागे सरकलो. तुम्ही न वळता म्हणालात, "पडू द्या आजोबा त्याच्या पाया. त्याले सवय नाई, पन होईन."

मी तेव्हा नवा होतो आणि पुस्तकं वाचून आलो होतो. तुम्हाला ऐकवलं की आपल्या धंद्यात सिस्टर आणि ब्रदर ही नाती नाहीत, हुद्दे आहेत. "बरं झालं," तुम्ही म्हणालात. "हुद्द्याले पगार असते. नात्याले कोन देते?"

पुढे एकदा पावसानं नाल्याला पूर आला, ड्युटीवरच्या दोघी सिस्टर पलीकडच्या काठावर अडकल्या आणि कक्षात तुम्ही एकट्या होतात. दार उघडून तुम्ही मला म्हणालात, "ये आत. दार लाव. तोंड वासून उभा राहू नको." टेबलावरची तांड्यावरची बाई मला पाहून ओरडायला लागली. तुम्ही तिला तुमच्या बंजारा गोरबोलीत काहीतरी सांगितलंत आणि ती गप्प झाली. मग जे काम मला दारातून कधी दिसलं नसतं, ते तुम्ही मला हाताला धरून शिकवलंत. नंतर मी विचारलं, काय सांगितलं तिला? तुम्ही म्हणालात, "माह्या भाऊ आहे म्हनलं. खोटं बोला लागते कवा कवा."

त्या खोट्यावर मी इतकी वर्षं जगलो आहे, सिस्टर. आभार मानायचे राहिले, कारण तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही विचारायचात, "काय पाह्यजे?"

पण आपलं खरं भांडण वेगळं होतं, आणि ते अर्धवट राहिलं आहे.

आपल्या संघटनेच्या घटनेत सभासद कोण होऊ शकतो याचं एक कलम आहे: ‘रुग्णालयातील कोणताही कायम कर्मचारी’. त्यातला ‘कायम’ हा शब्द तुम्हीच घातलेला, तुम्ही अध्यक्ष असताना. पहिल्यांदा जेव्हा कंपनीमार्फत कंत्राटी मुली यायला लागल्या तेव्हा तुम्ही सभेत म्हणाला होतात, "आज यायले पायरीवर बसू देलं, त उद्या त्या आपल्या खुर्चीवर बसतीन." टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या. सचिव म्हणून ती दुरुस्ती सुवाच्य अक्षरात लिहून काढली ती मीच.

मग तुम्ही निवृत्त झालात. शाल झाली, श्रीफळ झालं. मोठे साहेब म्हणाले की कमल सिस्टरांच्या जाण्यानं निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आडे आली, कंत्राटी, बोरी अरबकडची, आणि तिनं ती भरून काढली.

तुम्ही तिला पाहायला आलात, तेही मला आठवतं. निवृत्तीनंतरचा तो तुमचा पहिलाच आठवडा. तुम्ही चुका काढायला आला होतात हे चपलांच्या आवाजावरूनच कळत होतं. कक्षाच्या दारात उभ्या राहिलात. आत पूजा एका अडलेल्या बाईच्या कमरेला हात देऊन उभी होती आणि तिला तुमच्याच बोलीत रागवत होती, "याडी, याडी," म्हणजे आई आई, असं म्हणत म्हणत. तुम्ही बराच वेळ पाहिलंत. मग बाहेर येऊन बाकावर बसलात आणि म्हणालात, "चहा सांग." चूक सापडली नाही म्हणून तुम्ही चिडला आहात असं मला वाटलं. चहा अर्धा झाल्यावर तुम्ही म्हणालात, "त्या कलमातला तो शब्द काढ."

"कोणता?"

"बह्याडावानी नको करू. कोनता शब्द ते तुले मालूम आहे."

"तुम्हीच घातला होता, सिस्टर."

"म्हून त मी काढाले सांगून राह्यली. ज्यानं घातला त्यालेच काढाले लाज वाटत नाई."

मग आपली ती लढाई सुरू झाली. मी सांगितलं की घटनादुरुस्तीला सर्वसाधारण सभा लागते. तुम्ही म्हणालात, घे. मी म्हणालो, आधी ते विषयपत्रिकेवर आणावं लागतं. तुम्ही म्हणालात, आन. मी म्हणालो, त्यांचा मालक वेगळा आहे. आपला मालक सरकार, त्यांची कंपनी. मालक वेगळा तर संघटना वेगळी, हे जगात सगळीकडे असंच असतं.

"खाट एकच आहे ना?" तुम्ही म्हणालात.

माझ्याकडे मुद्दे बरेच होते. सगळ्या जगातल्या कामगारांनी एक व्हावं हे मला कॉलेजात असल्यापासून मान्य आहे. आपल्या वॉर्डातले तेवढे वेगळे राहावेत, एवढीच माझी अट होती. तुम्ही माझ्या खोलीतली पुस्तकं पाहून एकदा विचारलं होतंत, "हे वाचले का नुसते ठेवले?" मी दुखावलो होतो. आता वाटतं, प्रश्न रास्त होता. वाचलेलं ठेवायलाही जागा लागते आणि मी ते फार नीट ठेवलं होतं.

मग गेल्या महिन्यात, पोळ्याच्या आधी, तुम्ही पूजाला घेऊन संघटनेच्या खोलीत आलात. तिला दिवस गेलेले होते, आठवा महिना लागला होता. तिनं रजा मागितली तेव्हा कंपनीच्या माणसानं तिला सांगितलं होतं की रजा वगैरे काही नसते, बाळंतपण झाल्यावर या, जागा असली तर पाहू. म्हणजे पूजा रोज दुसऱ्यांची बाळंतपणं करत होती आणि तिचं स्वतःचं बाळंतपण म्हणजे तिची नोकरी जाणं होतं. तुमचं म्हणणं एवढंच होतं: हिला सभासद करून घ्या आणि हिच्या रजेसाठी संघटनेनं पत्र द्यावं, भांडावं. एकट्या पोरीचं कंपनी ऐकत नाही, संघटनेचं ऐकेल.

टेबलावर आंदोलनाचे फलक रंगवून वाळत ठेवले होते. पूजानं त्यातला एक वाचला आणि मला विचारलं, "ब्रदर, ‘कंत्राटीकरण हटवा’ म्हनजे मलेच हटवा ना?"

मी तिला समजावून सांगितलं. कंत्राटीकरण ही प्रक्रिया आहे, कंत्राटी ही व्यक्ती आहे. आमचा विरोध प्रक्रियेला आहे, व्यक्तीला नाही. मी अगदी व्यवस्थित सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "प्रक्रिया हटवली की मी कुठं जाईन?"

वानखडे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "करण हटवा, पोरगी ठेवा. असं लिहा न मंग फलकावर."

"घोषणेत बसत नाही, सिस्टर," मी म्हणालो.

"कोन, पोरगी?"

त्यावर मी म्हणालो की आंदोलन एकदा पार पडू द्या, मग कलमाचं पाहू. आत्ता कंत्राटी मुलींना आत घेतलं तर कंत्राटी भरतीविरुद्धच्या आंदोलनाची हवाच निघून जाईल. तुम्ही उठलात, पूजाला म्हणालात, "चाल. इथं सध्या हवा आहे."

बुधवारी तुम्ही रिक्षानं आलात, छातीत दुखतं म्हणून, आणि नोंदणीच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या राहिलात. पूजानं पाहिलं म्हणून, नाहीतर तुम्ही नंबर लागेपर्यंत उभ्याच राहिला असता. डॉक्टरांनी लगेच यवतमाळला हलवायचं सांगितलं. तुम्ही नाही म्हणालात. "मले रेफर नका करू. लोकायले रेफर करता करता माह्यी नोकरी सरली." डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, तुमच्या मुलानं पुण्याहून फोनवर समजावलं, तो निघालाच होता. तुम्ही उद्या जाईन म्हणालात. तुम्ही एकदा उद्या म्हटलं की परवाही काही होत नसे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्या संध्याकाळी मी तुमच्या खाटेशी बसलो होतो. तुम्ही विचारलंत, "ब्रदर, त्या शब्दाचं काय झालं?"

"आंदोलन संपलं की घेऊ."

"आंदोलन कवा संपते?"

"मागण्या मान्य झाल्या की."

तुम्ही हसलात. इतक्या की ऑक्सिजनचा मास्क सरकला. पूजानं येऊन तो सरळ केला आणि मला म्हणाली, "ब्रदर, पेशंटले बोलाले नका लावू. जा तुम्ही." तुम्ही मास्कमधून माझ्याकडे पाहिलंत. एवढ्या वर्षांत तुमच्या वॉर्डातून तुमच्यादेखत मला कुणी हाकललं नव्हतं. तुम्हाला ते फार आवडलं होतं. मी गेलो. जाताना जे म्हणायचं होतं, की तुमचं बरोबर आहे आणि मला केव्हाच पटलं आहे, फक्त भर सभेत वानखडे आणि अध्यक्षांच्या तोंडावर ते बोलायची हिंमत नाही, ते मी उद्यावर ठेवलं. उद्या म्हणायची सवय मला तुमच्याकडूनच लागली असावी.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमची दारावर निदर्शनं होती. वॉर्ड कंत्राटी मुलींवर सोडून आम्ही कायमवाले सगळे बाहेर होतो. घोषणा मी देत होतो. ‘कंत्राटीकरण’ हा लांब शब्द आहे, उंच आवाजात म्हणताना श्वास लागतो. तुमच्या वॉर्डातल्या मावशी येऊन माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. मी त्यांना हातानं खूण केली, थांबा. घोषणा अर्ध्यात होती. त्या थांबल्या. ती संपून दुसरी सुरू झाली, तरी पदर सावरत थांबल्याच. शेवटी मी वळलो तेव्हा त्या म्हणाल्या, "कमल सिस्टर गेल्या, ब्रदर. पूजा सिस्टरनं सांगाले पाठवलं मले. तुमचं चालू होतं, म्हून म्हनलं होऊ द्या."

सिस्टर, मला माहीत आहे की मी आत असतो तरी काही वेगळं झालं नसतं. डॉक्टर आत होते, पूजा आत होती, करायचं ते त्यांनी सगळं केलं. पण तुमचे डोळे जिनं मिटले तिला हटवा असं मी त्याच वेळी गळा ताणून सांगत होतो. प्रक्रिया आणि व्यक्तीतला फरक मला त्या क्षणापुरता आठवेना.

शुक्रवारी सकाळी तुम्हाला तांड्यावर न्यायच्या आधी सगळे आवारात जमले. ज्यांच्या फिती आंदोलनात हरवल्या होत्या त्यांना वानखडे नव्या देत होते आणि मी पिनांची डबी धरून उभा होतो. पूजा आली. तिनं हात पुढे केला. तिला फीत पाहिजे होती, बाकी काही नाही.

"फीत सभासदासाठी असते, ताई," वानखडे म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत. "आन तुमच्या कंपनीच्या मानसानं पाह्यलं त? उगाच तुमच्या जिवाले घोर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पिनांच्या डबीत पाहिलं. डबीत पिनाच होत्या.

"बरं," पूजा म्हणाली. "मंग मी वॉर्डात जाते. तिथं कोनी नाई. तुमी सगळे इकडंच आहे." तुमच्या पायाला हात लावून ती आत गेली. तुमच्यासाठी त्या दिवशी शोक करायची परवानगी रुग्णालयातल्या ज्या माणसाला आम्ही नाकारली, तिनंच आदल्या दिवशी तुमचं तोंड पुसून, केस विंचरून, पदर नीट लावून दिला होता. आणि मी, जो तुमचा भाऊ, भले खोटा का असेना, तो नियमाच्या बाजूनं उभा होतो. नियमाच्या बाजूनं उभं राहण्यात एक सोय असते, बोलावं लागत नाही.

सोमवारी शोकसभा झाली. अध्यक्ष म्हणाले, कमलताई म्हणजे संघटनेचा वटवृक्ष होत्या. झाडाखाली बसणारी माणसं तुम्हाला कधी चालली नाहीत, तुम्ही त्यांना उठवून कामाला लावत होतात, पण ते असो. अध्यक्ष पुढे म्हणाले, कमलताईंचं अपुरं राहिलेलं स्वप्न आपण सर्वांनी मिळून पूर्ण करू. ते कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही. स्वप्न अपुरं असतं एवढी माहिती त्यांना पुरेशी असते. मग ते माझ्याकडे वळले. "ब्रदर, शोकप्रस्ताव वाचा."

शोकप्रस्ताव लिहायचं काम माझ्याकडेच असतं, माझं मराठी चांगलं आहे असा समज असल्यामुळे. आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे. सगळे उभे राहतात, मान खाली घालतात, सचिव वाचतो, मग शांतता पाळतात आणि बसतात. हात वर करणं नाही, बाजूनं किंवा विरोधात असं काही नाही. बसले की प्रस्ताव मंजूर.

सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. मी वाचलं की ही सभा कमल राठोड यांना श्रद्धांजली अर्पण करते, त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे, आणि त्यांच्या अखेरच्या इच्छेनुसार संघटनेच्या घटनेतील सभासदत्वाच्या कलमातून ‘कायम’ हा शब्द वगळण्यास मंजुरी देते. आवाज मी बदलला नाही. शांतता पाळली गेली. कुणाचा तरी फोन वाजला, तो बंद झाला. सगळे बसले.

वानखडे बसता बसता अडकले. "हे शेवटचं काय वाचलं बे?"

"शोकप्रस्ताव."

"त्यात कलम कुठून आलं?"

"सिस्टरांची इच्छा होती. तुमच्यासमोरच सांगितली होती."

अध्यक्षांनी माईक हातात घेतला, पण चालू केला नाही. "अहो, शोकप्रस्तावात घटनादुरुस्ती करता येत नाही."

"विरोध असेल त्यांनी उभं राहावं," मी म्हणालो. "कमल सिस्टरांच्या शोकप्रस्तावाला कुणाचा विरोध आहे, ते मी नोंदवून घेतो."

कुणी उभं राहिलं नाही. मागून एक्स-रेवाले हसले आणि मग खोकल्यासारखं केलं. अध्यक्ष म्हणाले, "हे बरोबर नाही केलं, ब्रदर."

"नाही केलं," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं.

मला वाटलं होतं, यानंतर बरं वाटेल. वाटलं नाही. तुम्ही असता तर भर सभेत टेबलावर हात आपटून हा शब्द काढायला लावला असता, चारचौघांच्या शिव्या खाल्ल्या असत्या, कदाचित हरलाही असता, आणि घरी जाऊन जेवला असता. मी जिंकलो ते लोकांच्या माना खाली होत्या म्हणून. तुमच्या जिवंतपणी जे तोंडावर बोलायचं होतं, ते मी तुमच्या मरणाच्या आडून बोललो. वाद तुम्ही जिंकलात, सिस्टर, पण तुमच्याशी हरल्याचं तुम्हाला सांगायची संधी मी स्वतःच घालवली. याचं काय करायचं हे कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही. ठेवलेली सगळी पाहिली.

सभा सुटल्यावर मी प्रसूती कक्षात गेलो. दारातच थांबलो, जुनी सवय. पूजा आतून म्हणाली, "या न ब्रदर. कायले उभे आहे?" मी तिला सांगितलं की आता तुम्ही सभासद होऊ शकता. ती खूश झाली नाही, तिनं सरळ विचारलं, "मंग माह्या रजेचं पत्र कवा देता?"

मी म्हणालो की असं पत्र द्यायला सभेची मंजुरी लागते आणि तातडीची सभा बोलवायला अध्यक्षांची सही लागते. सही मागायला मी फोन केला. ते सोमवारपासून माझा फोन उचलत नाहीत. तेव्हा पूजाच्या रजेचा विषय मी पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला घेतला आहे. सभा दिवाळीनंतर आहे. पूजाची तारीख दिवाळीच्या आधीची आहे.